केळीच्या पानाखालची बाटली

ही हकीकत मी आजवर तीन वेळा लिहायला घेतली आणि तिन्ही वेळा मधाच्या बाटलीपाशी थांबलो. मधाच्या बाटलीची गोष्ट तंजावूरच्या आमच्या मराठी घरांत सगळ्यांना पाठ आहे. लग्नाच्या पंगतीत कोणीतरी म्हणतंच, "अण्णा, ती मधाची सांगा की." मी सांगतो, लोक हसतात, पानावर पायसम येतं आणि विषय संपतो. मला ते सोयीचं होतं. ती गोष्ट पुढं करून मी दुसरी मागं ठेवत आलो. यंदा या दिवाळी अंकाच्या संपादकांनी कळवलं, "तुमच्या कामाबद्दल लिहा, हसवायलाच हवं असं नाही." त्या पत्रानंतर पळवाट उरली नाही. वयही आता असं आहे की पुढच्या वर्षीवर काही टाकवत नाही.

तर आधी मधाची सांगून टाकतो, म्हणजे ती वाटेतून दूर होईल.

मी रक्त-लघवी तपासणारा माणूस. राजवाड्यामागच्या एका गल्लीत छोटी लॅब होती, तिथं मी पस्तीस वर्षं काढली. गिऱ्हाइकं मला 'लॅब राव' म्हणत. नव्वदनंतरचे ते दिवस. बाजार खुला झाला होता. घरोघर रंगीत टीव्ही आणि फ्रिज येत होते, आणि मधुमेह हा शब्दही तेव्हाच खेडोपाडी पोचत होता. कावेरीकाठच्या एका गावातले मिरासदार, म्हणजे मोठे जमीनदार, पहाटेच्या बसनं बाटली घेऊन आले. साखरेची तपासणी तेव्हा आम्ही जुन्या रीतीनं करत होतो. परीक्षानळीत निळं द्रावण घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि उकळायचं. साखर नसेल तर निळं ते निळंच राहतं. थोडी असेल तर हिरवं होतं, मग पिवळं, नारिंगी, आणि खूपच असेल तर विटेसारखं लाल. मिरासदारांची नळी अशी लाल झाली की मी दिवा बाजूला केला. त्यांनी रिपोर्ट घेतला, घरी जाऊन मुलांना बोलावलं आणि कोणतं शेत कोणाला ते सांगून टाकलं. महिनाभर भात सोडला. महिन्यानं दुसरी बाटली घेऊन आले, तीही लाल. माणूस तर धडधाकट दिसत होता. मी विचारलं, "सार, ही बाटली कसली?"

"मधाची," ते म्हणाले. "पण स्वच्छ आहे हो. मीच चाटून काढली होती."

गोष्ट एवढीच. लोक इथं हसतात, आणि मीही हसतो. पण या गोष्टीत चूक गिऱ्हाइकाची आहे आणि हुशारी माझी. पस्तीस वर्षांत मी हीच गोष्ट सांगण्यासाठी का निवडली, ते आता वाचकांच्या लक्षात आलं असेल.

बाहेरच्या माणसाला वाटतं, लघवी तपासायची त्यात शिकायचं काय? खरं म्हणजे निम्मी तपासणी लॅबच्या बाहेरच झालेली असते, बाटली भरताना. सकाळची पहिली लघवी हवी, कारण रात्रभर साचून ती दाट झालेली असते. अंग धुऊन घ्यायचं, पहिली धार सोडून द्यायची आणि मधली धरायची. बाटली रुंद तोंडाची, धुतलेली आणि कोरडी हवी. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे वेळ. दोन तासांच्या आत तपासायची. जमत नसेल तर थंडीत ठेवायची. हे नियम मी स्वतः तमिळमध्ये ठळक अक्षरांत लिहून भिंतीवर लावले होते. शेवटची ओळ होती, 'दोन तासांवरचा नमुना परत केला जाईल.'

लोक आपापल्या अकलेनं बाटल्या आणत. खोकल्याच्या औषधाच्या, अत्तराच्या, पुढं पुढं नव्या थंड पेयांच्या. एकानं बाटली काठोकाठ भरून आणली. "कमी दिली तर आजार कमी निघेल ना, म्हणून सगळी आणली." दुसऱ्या एकाच्या नमुन्यात जे दिसलं ते एका माणसाचं वाटेना. शेवटी तो कबूल झाला, "बाटली अर्धीच भरली होती सार, म्हणून बायकोला म्हटलं, तूही थोडी दे."

बाटली आल्यावर काम सुरू होई. आधी नुसतं पाहायचं. रंग, गढूळपणा, वास. मग लिटमसचा कागद बुडवून आम्ल की अल्क ते बघायचं. मग प्रथिनं. नळी तिरपी धरून फक्त वरचा भाग तापवायचा. ढग आला तर आम्लाचा एक थेंब टाकायचा. ढग विरला तर ते नुसते क्षार, राहिला तर प्रथिनं. मूत्रपिंड गळू लागलं की प्रथिनं उतरतात. शेवटी यंत्रात फिरवून तळाचा गाळ काचेवर घ्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. तिथं खरं बोलणं सुरू होतं. पू-पेशी, रक्तपेशी, जंतू, स्फटिक. आणि क्वचित साचे. आमच्याकडे मूर्ती ओतणारे जसे मातीच्या साच्यात धातू ओततात, तसंच मूत्रपिंडातल्या बारीक नळ्यांत प्रथिन गोठतं आणि नळीचाच आकार घेऊन बाहेर पडतं. त्या साच्यात लाल पेशी अडकलेल्या दिसल्या तर समजायचं की दुखणं खाली मूत्राशयात नाही, थेट मूत्रपिंडात आहे. फार थोड्या लोकांना ते नीट दिसतात. मला दिसत. डॉक्टर अम्मा म्हणायच्या, "राव, तुमच्या डोळ्यांवर मी औषध लिहिते." डॉक्टर अम्मा म्हणजे आमच्या भागातल्या जुन्या डॉक्टरबाई. वीस वर्षं त्यांचे सगळे रोगी माझ्याकडे येत.

पण साचे नाजूक असतात. लघवी उन्हात शिळी झाली की जंतू वाढतात, अमोनियाचा वास सुटतो, आम्ल जाऊन अल्क येतं, आणि त्यात साचे आणि लाल पेशी विरघळून जातात. उरतात ते जंतू आणि स्फटिक. म्हणजे शिळा नमुना नुसता गप्प बसत नाही, तो खोटं बोलतो. साध्या जंतुसंसर्गाची साक्ष देतो.

आता आमच्या ओट्याबद्दल सांगायला हवं. आमच्या घरापुढं तिण्णै आहे, म्हणजे दाराबाहेरचा वाटसरूंनी बसायचा ओटा. गल्लीत बारा-चौदा मराठी घरं. आमच्या बायका लॅबच्या बाकावर परक्या पुरुषांत हातात बाटली घेऊन बसायला लाजत. म्हणून मीच एक सोय केली होती. पहाटे बाटलीवर नाव चिकटवून ती आमच्या तिण्णैच्या कोपऱ्यात ठेवून जायची. मी स्नान-पूजा आटोपून निघताना ती सायकलवरच्या पिशवीत घालून नेई आणि संध्याकाळी रिपोर्ट घरपोच देई. कोणी कोणाला काही विचारत नसे. मला या सोयीचा अभिमान होता. आपल्या बायकांची अब्रू मी राखतो, असं वाटे. बाटली मात्र उंबऱ्याच्या आत येत नसे. घरात देव, स्वयंपाकाचं सोवळं. जानकीनं, माझ्या बायकोनं, कधी नाही म्हटलं नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं. एरवी पहाटे साडेसहाला ठेवलेली बाटली मी आठच्या आत लॅबमध्ये नेई, म्हणून नियम कसाबसा पाळला जाई.

सरसा आमच्यापासून तिसऱ्या घरची सून. मन्नारगुडीजवळच्या खेड्यातून लग्न करून आलेली, बावीस-तेवीस वर्षांची. बोलण्यात जुनी वळणं होती तिच्या, आमच्या आजीसारखं 'मज' आणि 'तुज' म्हणायची. सासू कावेरीअक्का कडक. लग्नाला दोन वर्षं होऊन मूल नव्हतं, त्यामुळे घरात तिच्याकडे आधीच तिरक्या नजरेनं पाहत. त्या चैत्रात एक दिवस ती विहिरीवर जानकीला हळूच म्हणाली, "मावशी, सकाळी उठते तर डोळे सुजलेले. पाय दाबले की खळगा पडतो. आणि लघवीला जाते तर रंग चहासारखा."

"अत्तेला सांगितलंस?" जानकीनं सासूबद्दल विचारलं.

"नक्को मावशी. रोगी पोर गळ्यात बांधली म्हणतील. अण्णांनाच तेवढं सांगा."

जानकीनं मला सांगितलं. मी म्हटलं, डॉक्टर अम्माला दाखव आणि बाटली ठेव. ती तोंडावर पदर ओढून एकटी डॉक्टर अम्माकडे जाऊन आली. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला तिनं बाटली ठेवली.

तो दिवस माझ्या वडिलांच्या श्राद्धाचा होता.

श्राद्धाचा दिवस ज्यांच्या घरी पाळतात त्यांना सांगायला नको. करणाऱ्यानं स्नान केल्यावर बाहेरचं काही शिवायचं नाही. भटजी येणार, पिंड, तर्पण, पानं, सगळं उरकायला दुपारचे दोन होतात. मी स्नान करून बाहेर आलो तेव्हा बाटली दिसली. लॅबला त्या दिवशी मी दुपारनंतर येणार असं सांगितलं होतं. जानकी ओलेत्यानंच दाराशी आली.

"अहो, सरसूची बाटली आहे. कोणाबरोबर पाठवू का?"

"कोणाबरोबर? गल्लीभर होईल. राहू दे, दुपारी मी नेईन."

"तोवर?"

"तोवर काय होतंय?"

तोवर काय होतं, हे तंजावूरमध्ये माझ्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. भटजी येतील, त्यांची नजर पडेल, म्हणून मी मागच्या दारचं एक केळीचं पान आणून, शिवायला नको म्हणून लांब काठीनं त्या बाटलीवर टाकलं. उन्हापासून नव्हे, नजरेपासून. आमची तिण्णै पूर्वेला आहे. चैत्रात आठ वाजताच तिथं बसवत नाही. आणि आत, दहा पावलांवर, त्याच वर्षी घेतलेला फ्रिज होता. त्यात श्राद्धाचं दूध-दही होतं.

दोन वाजता पानं उठली. मी सोवळं सोडलं, बाटली घेतली आणि लॅबमध्ये गेलो. झाकण उघडताच नाकाला वास झोंबला. लिटमसचा कागद निळा झाला, म्हणजे अल्क. प्रथिनांचा ढग आला, थेंबानंतर विरला नाही. काचेवर पाहिलं तर जंतूंचा नुसता बुजबुजाट आणि पेटीच्या झाकणासारखे चकचकीत स्फटिक. लाल पेशींच्या जागी फिकट सावल्या, असतील-नसतील अशा. साचा एकही नाही. असणारच नव्हता.

नियमाप्रमाणे मला तीनच शब्द लिहायचे होते, 'नमुना शिळा, पुन्हा.' मी लिहिले नाहीत. का, याची कारणं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो आहे. पुन्हा बाटली मागायची तर तिला परत चोरून पहाटे उठावं लागणार होतं. आपल्या ओट्यावर ती नऊ तास पडली हे सांगावं लागणार होतं. समोरच्या रस्त्यावर नुकतीच कॉम्प्युटरवर छापील रिपोर्ट देणारी लॅब उघडली होती, आणि राव नमुने खराब करतात ही बातमी मला परवडणारी नव्हती. यातलं कोणतं कारण खरं आणि कोणतं मागून जोडलेलं, ते मलाच आता सांगता येत नाही. मी लिहिलं ते असं: प्रथिनं किंचित, पू-पेशी काही, जंतू भरपूर, लाल पेशी नाहीत, साचे नाहीत. 'नमुना घेतल्याची वेळ' या रकान्यात लिहिलं, दुपारी दीड.

पाच वाजता डॉक्टर अम्मांचा फोन आला.

"राव, या मुलीचा चेहरा सुजलेला आहे. मला लाल पेशी अपेक्षित होत्या. नीट बघितलंत?"

"बघितलं अम्मा."

"नमुना ताजा होता?"

"ताजा होता."

"सरी," म्हणजे बरं, त्या म्हणाल्या. त्यांनी जंतुसंसर्गाचं औषध दिलं आणि दहा दिवसांनी पुन्हा यायला सांगितलं.

औषधानं की पथ्यानं, सूज जरा उतरली. सरसाला वाटलं बरं झालं, आणि सासूच्या नजरेस न पडता पुन्हा बाहेर पडणं तिला जमेना. दहा दिवसांनी ती गेली नाही. मीही विचारलं नाही. रोज तिच्या दारावरून सायकल नेत होतो. पाच महिन्यांनी, साधं पाणी शेंदताना ती विहिरीपाशी कोसळली. मोठ्या गावच्या इस्पितळात नेलं. तिथं सांगितलं, दोन्ही मूत्रपिंडं आकसली आहेत, आता औषधाचं काम राहिलं नाही.

त्या आठवड्यात डॉक्टर अम्मा लॅबमध्ये आल्या. त्या कधी येत नसत. "राव, तुमची वही दाखवा." मी दाखवली. त्यांनी चष्मा वर करून ती ओळ वाचली, बोट वेळेच्या रकान्यावर थांबलं. त्यांनी वही मिटली.

"तुमचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "चूक माझी. सूज दिसत होती, मी तपासणी दुसऱ्यांदा करायला हवी होती. एका कागदावर विसंबले."

मी काहीतरी म्हणालो असेन. बहुतेक 'कॉफी मागवू का अम्मा' असं. त्यानंतर त्या प्रत्येक सुजलेल्या चेहऱ्याची तपासणी दोनदा करवून घेत. पुढं त्या मुलाकडे परदेशी गेल्या आणि तिकडेच वारल्या. आपण एका मुलीकडे दुर्लक्ष केलं, हे ओझं घेऊन गेल्या. ते त्यांचं नव्हतं. हा लेख लिहिण्याचं एक कारण तेवढं आहे: डॉक्टर अम्मांची चूक नव्हती.

सरसाला तिच्या आईनं आपलं एक मूत्रपिंड दिलं. मद्रासला शस्त्रक्रिया झाली. ती परत आली तेव्हा चेहरा औषधांनी गोल झाला होता, पण हसायची. सासूही बदलली होती, स्वतः तिला पेज भरवताना मी पाहिलं आहे. दर महिन्याला तिची लघवी तपासावी लागे. आता ती लाजत नसे. लॅबमध्ये येई, नवी प्लास्टिकची डबी घेऊन मागच्या खोलीत जाई आणि दोन मिनिटांत माझ्या हातात देई. नवऱ्यानं समोरच्या छापील रिपोर्टवाल्या लॅबचं नाव काढलं तर म्हणायची, "नक्को. अण्णांचे डोळे ते अण्णांचे डोळे." मी डबी घेऊन आत जाई. ऊबदार असे ती. मी लगेच तपासत असे, सगळी कामं टाकून. सात वर्षं, दर महिन्याला. त्यातल्या कोणत्याही दिवशी सांगता आलं असतं.

एकदा जेवताना जानकी अचानक म्हणाली, "अहो, त्या दिवशी फ्रिजात ठेवली असती तर?"

"श्राद्धाच्या दिवशी?" मी म्हटलं.

तिनं भात वाढला. तो विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही. ओट्यावरची सोय मात्र मी बंद केली. कारण सांगितलं की आता बायकांनी धीट व्हायला हवं.

मी नंतर एका तज्ज्ञ डॉक्टरांना आडून विचारलं होतं. ते म्हणाले, वेळेवर कळलं असतं तरी अशी मूत्रपिंडं कधी वाचतात, कधी नाही. त्या उत्तरावर मी काही दिवस बरा झोपलो. मग लक्षात आलं की ते 'कधी वाचतात' तिच्या वाट्याचं होतं. ते तिला न विचारता मी खर्चून टाकलं.

आठव्या वर्षी आईनं दिलेलं मूत्रपिंडही थकलं. आता काही करायचं नाही, असं तिनंच घरच्यांना सांगितलं. आम्ही दोघं भेटायला गेलो. मी ठरवून गेलो होतो. वाटेत वाक्य मनात दोनदा म्हणून पाहिलं होतं. जानकी आत कावेरीअक्कांशी बोलायला गेली. खोलीत सरसा आणि मी. खिडकीतून सकाळचं ऊन तिच्या पायांवर आलं होतं, मी उठून पडदा ओढला.

"अण्णा, मज एक सांगायचं आहे," तीच आधी म्हणाली. "कोणाला सांगितलं नाही आजवर."

"बोल की."

"ती पहिली बाटली मी ठेवली ना, त्या दिवशी तुमच्याकडे श्राद्ध होतं. मज ठाऊक नव्हतं, अण्णा. देवाशपथ नव्हतं. घरी आले, आणि जरा वेळानं बघते तर तुमच्या दारी भटजी आलेले. तेव्हाच धावत येऊन उचलायला हवी होती. अत्ते अंगणात होत्या, मी भ्याले. तुमच्या पितरांच्या दिवशी दारात असली वस्तू ठेवली मी. त्याचंच हे झालं, असं वाटत राहतं."

"वेडी आहेस का? तसलं काही नसतं."

"तुम्ही कधी एका शब्दानं बोलला नाहीत. उलट दुपारी उन्हात घेऊन गेलात. मज क्षमा करा, अण्णा."

माझं वाक्य तिथंच होतं, जिभेवर. मी म्हटलं, "सरसा, अगं—" आणि पडद्याची कड सारखी केली. तिला वाटलं, मी आढेवेढे घेतो आहे.

"नाही, तोंडानं म्हणा. म्हटलंत की मज बरं वाटेल."

मी म्हटलं. म्हटलं, "क्षमा केली."

तिनं डोळे मिटून हात जोडले. तेवढ्यात जानकी कॉफीचे पेले घेऊन आली, मागून अक्का आल्या, आणि पावसापाण्याचं बोलणं सुरू झालं. चौथ्या दिवशी सरसा गेली.

मी नेलेलं वाक्य हे होतं: सरसा, तुझ्या हातून काही चुकलं नाही. बाटली नऊ तास उन्हात होती ती माझ्यामुळे, आणि ती शिळी आहे हे झाकण उघडताच मला कळलं होतं, तरी मी ताजी म्हणून सांगितलं. मला क्षमा कर.